हौदाची राखण

राधाचं लग्न झालं ते साल दोन हजार चार. लेकीला वाशिमकडे सासरी पोचवून नागोराव पुण्यात परतला आणि त्याच आठवड्यात विश्रांतवाडीच्या पुढच्या ‘नीलपर्ण’ सोसायटीत, कमिटीच्या बैठकीच्या दाराशी हात बांधून उभा राहिला. त्याची बायको इंदुबाई तिथे चार घरची धुणीभांडी करायची. तिनेच त्याच्यासाठी शब्द टाकला होता.

आत तलावावरून जुंपली होती. तीन इमारतींच्या मधोमध बिल्डरने निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव बांधून दिला होता. भोवती मेंदीची गुडघाभर रोपं, आणि हिरवळीच्या बाजूने एक माणूस जाईल एवढी उघडी वाट. आडोसा म्हणावा तो एवढाच.

“तिकडे घरच्या तलावालासुद्धा छातीएवढं कुंपण लागतं,” सुदर्शन सांगत होता. तो कॉम्प्युटरच्या कंपनीतला, नुकताच अमेरिकेत राहून आलेला. “गेट आपोआप बंद झालं पाहिजे, कडी मुलांच्या हाताला लागता कामा नये. त्याशिवाय परमिशनच नाही.”

अध्यक्ष श्यामसुंदर गोडबोले बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अहो, तिकडे माणूस महाग म्हणून लोखंड लावतात. आपल्याकडे उलटं आहे. आणि गॅलरीत बसून गजच बघायचे असते, तर इथे कशाला आलो असतो? येरवड्याला सोय होती की.”

सगळे हसले. सुदर्शनही हसला. त्याची गॅलरीसुद्धा तलावावरच उघडत होती. कुंपणाचं पुढच्या वर्षी बघू, तोवर माणूस बसवू, असं ठरलं. सुदर्शननेही हात वर केला.

गोडबोल्यांनी दाराकडे पाहिलं. “पोहता येतं का हो?”

“नाय जी. आमच्याकडं प्यायले पाणी नसते, तं पोहावं कायच्यात?”

“उत्तम. म्हणजे कामाच्या वेळी डुंबत बसणार नाही.”

असा नागोराव कामाला लागला. वाटेच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तो दिवसभर पाण्याकडे बघत बसे. तलावाला तो हौदच म्हणायचा. मोठं माणूस बरोबर नसलेलं पोर आलं की खुर्चीतूनच हात आडवा करी. पोरं रुसत, पण परत जात.

अडचण एकच होती. बसलेला माणूस दिसला की त्याला उठवायचा मोह कुणालाही होतोच. “नागोराव, सिलिंडर वर पोचवता का?” “नागोराव, रिक्षा बघा जरा.” नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्याने गावाकडची युक्ती काढली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बोरी माजल्या होत्या. तिथून त्याने एक काटेरी फांदी तोडून आणली. उठायची वेळ आली की ती बोराटी वाटेत आडवी टाकायची आणि मग जायचं. त्याच्या गावात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोराटी आडवी दिसली की मालक शेतात नाही, आपण आत पाऊल टाकू नये, हे कुणाला सांगावं लागत नसे. गुरंसुद्धा वळायची.

सोसायटीत ही खूण एकटीला कळली, सुदर्शनच्या अपेक्षाला. चार वर्षांची पोर. घरी सांभाळणारी बाई दुपारची पेंगायची आणि ही जिना उतरून नागोरावकडे यायची.

“आजोबा, मी आत येऊ?”

“बोराटी हाय का वाटेत?”

“नाही.”

“म्हणजे आजोबा अथीच हाय. ये, बस. आन् बोराटी असली तं?”

“तर आजोबा गावाला गेले. यायचं नाही.”

“शाहाणी माय माही.”

एकदा तो रिक्षा आणायला गेला आणि परत येऊन बघतो तो ही बोराटीच्या अलीकडे उन्हात उभी, दोन्ही हात मागे बांधून. म्हणाली, “आजोबा, लवकर काढा ना, माझे पाय भाजतात.” त्या दिवशी घरी जाऊन नागोरावने हे इंदुबाईला दोनदा सांगितलं. राधा गेल्यापासून तो असा बोलला नव्हता.

दसरा आठवड्यावर आला असताना कुणा बाईंच्या नव्या साडीला बोराटीने ओढलं. गोडबोले स्वतः खाली आले.

“नागोराव, ही काय ज्वारी राखताय?”

“कोणी आत जाऊ नये म्हणून हो साहेब.”

“त्यासाठी तुम्ही आहात ना? तुम्ही उठून जाता कशाला?”

“तुम्ही लोकंच तं बलावता जी.”

गोडबोल्यांनी फांदीकडे बोट केलं. “उद्या एखाद्या मुलाच्या डोळ्यात काटा गेला तर? सेफ्टी नावाची काही गोष्ट असते. फेका ते.”

फांदी कचऱ्याच्या गाडीत गेली. प्लॉटवरच्या बोरीही दुसऱ्या दिवशी माळ्याकडून साफ करून घेतल्या गेल्या.

दसऱ्याला दुपारी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये लोटली होती. गाड्यांना हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. सुदर्शनची नवी कोरी गाडी शोरूममधून नुकतीच आली होती. बायको राजनंदिनी आरतीचं ताट आणायला वर गेली होती. सुदर्शन कोपऱ्यावरून ओरडला, “नागोराव, जरा या ना! हार बांधायचाय, एकट्याला पुरत नाहीये. दोनच मिनिटं!”

नागोराव उठला. सवयीने खाली वाकला, आणि हात रिकामाच वर आला. वाटेत टाकायला काही नव्हतं. इकडेतिकडे पाहून त्याने आपली खुर्चीच ओढून वाटेच्या मधोमध ठेवली आणि गेला.

हार लांब होता. एक टोक नागोरावने आरशाला बांधलं, दुसरं सुदर्शनने. मग गाडी थोडी पुढे घेतली, मग लिंबू घरंगळलं म्हणून मागे. मग कुणीतरी त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा त्याने अपेक्षासाठी कागदात बांधला आणि तिला शोधत परत आला.

खुर्ची एका अंगाला सरकलेली होती. पोरीचे नवे बूट तिच्याखाली नीट जोडीने ठेवलेले होते. बोराटी नव्हती, आणि खुर्ची होती. म्हणजे आजोबा तिथेच असणार.

नागोराव कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं, मग हनुवटीला. तो बुडत, धडपडत तिच्यापर्यंत पोचला आणि तिला डोक्यावर धरून काठाला आला. तोवर माणसं धावली. नव्या गाडीतूनच तिला दवाखान्यात नेलं, हारासकट. डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही.

संध्याकाळी चौकीवर साहेबाने विचारलं, “जागा सोडून गेला कुठं होतास?”

“गेल्तो.”

“कुणी बोलावलं होतं?”

बाकावर राजनंदिनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्याशेजारी सुदर्शन. त्याने मान वर केली, नागोरावकडे पाहिलं, आणि त्याचे ओठ हलले. पण आवाज फुटला नाही.

“कोणी नाय,” नागोराव म्हणाला. “माहा मीच गेल्तो.”

साहेबाने एक कानफटात दिली. कोठडीतून सुटून नागोराव घरी आला तेव्हा इंदुबाईने ताट वाढलं आणि समोर बसली.

“कायले वढवून घेतलं अंगावर? मले बायांनी सांगितलं ना, पोरीच्या बापानंच बलावलं व्हतं.”

“त्याच्या बायकोले मालूम पडलं, तं तो घरात कसा रायल?”

“आन् आपन?”

सोसायटीने दोघांचंही काम बंद केलं होतं.

महिनाभरात तलावाला कुंपण बसलं. छातीएवढं, उभ्या गजांचं, आपोआप लागणारं गेट. नागोरावने ते कधी पाहिलं नाही. तो आणि इंदुबाई लोणी काळभोरला गेले आणि एका रोपवाटिकेत राहून तिथे पिशव्यांत माती भरायला लागले.

वर्ष उलटल्यावर सुदर्शन पत्ता काढत तिथे आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

“नागोराव, तुम्ही सांगितलं नाहीत.”

“जाऊ द्या जी.”

“मी सांगून टाकलं तिला. राहवलंच नाही. ती माहेरी गेली. परत येणार नाही म्हणाली.”

नागोरावच्या हातातली पिशवी कलंडली आणि माती खाली सांडली. आपण जे गिळलं ते कुणाच्याच उपयोगी पडलं नाही, एवढं त्याला कळलं. “बसा,” तो म्हणाला. पण बसायला तिथे काही नव्हतं. दोघं उभेच राहिले. इंदुबाईने चहा आणला तो सुदर्शनने उभ्यानेच घेतला आणि कप विसळून ठेवून गेला.

अपेक्षा दोन हजार चार सालच्या दसऱ्याला दुपारी गेली. नागोराव दोन हजार सातच्या माघात लोणी काळभोरला तापाने गेला. राधा वाशिमहून पोचली तेव्हा त्याला नेलेलं होतं.