नियम पाचवा

नातीच्या शाळेतून बोलावणं आलं. वर्गात रंगभेदावर आदराने चर्चा करायची होती, म्हणे, आणि आमच्या पोरीने ती नासवली.

मी बत्तीस वर्षं रस्त्यांवर डांबर ओतलं. त्या शाळेसमोरचा रस्ताही आमच्याच टोळीचा. अक्षरं मात्र एकसष्टाव्या वर्षी गिरवली, याच नातीच्या जुन्या वह्यांत.

वर्गाच्या भिंतीवर चर्चेचे नियम रंगीत कागदावर लावलेले. औषधांचे एक दुकानदार मुलाला घेऊन आधीच येऊन बसले होते. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, मुलांनी अनुभव सांगायचे होते. हिने सांगितलं की वर्गात हिला डांबर म्हणतात. तिथवर ठीक होतं. पण मग याच्याकडे बोट दाखवून नाव घेतलं."

"तोच म्हणतो," नात म्हणाली.

"पाचवा नियम, बाळ. कोणाचं नाव घ्यायचं नाही. तो रडला त्या दिवशी."

"दोन दिवस धड जेवला नाही," दुकानदार म्हणाले. "आमच्या घरी असलं काही नसतं, काका. आमचा ड्रायव्हर तुमच्यातलाच आहे. चहा देतो त्याला. वेगळा कप आहे त्याचा, स्वच्छ."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं.

"मिटवून टाकू," म्हणत बाईंनी एक कागद सरकवला आणि शाईचं पॅड उघडलं. सही येते का, हे विचारलंही नाही. कागदी रुमाल मध्ये धरून त्यांनी माझा अंगठा चिमटीत उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि शाईत दाबला.

मी हात सोडवून घेतला. "आधी वाचतो."

एकेका शब्दाखाली बोट धरत मोठ्याने वाचू लागलो. माझ्या पाल्याने... वर्गाचा अनादर केला. पुन्हा तसे झाल्यास... तिला दुसऱ्या तुकडीत... हलवण्यास माझी हरकत नाही. दुकानदार घड्याळ बघत होते. मुलगा बुटाने बाकाचा पाय ठोकत होता. मी दुसऱ्या ओळीवर अडखळलो तसा तो हसून म्हणाला, "डांबर वाचतंय."

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. दुकानदारांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, बस्स.

"ऐकलंत, बाई?"

बाई भिंतीवरच्या नियमांकडे बघत होत्या. "माझं लक्ष नव्हतं, आजोबा."

इतकी वर्षं उकळत्या डांबराचा वास नाकात घेतला, पण अशी शिसारी कधी आली नव्हती.

"पेन द्या."

कागदाच्या खाली मोकळी जागा होती. तिथे मी त्या मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, नातीला विचारून. तो आत्ता काय म्हणाला ते लिहिलं. बाईंनी ऐकलं, हेही लिहिलं. मग माझ्या मजकुराखाली सही केली. बराच वेळ लागला.

"असा कागद फाइलला लावता येत नाही," बाई म्हणाल्या. गोडवा गेला होता.

"नका लावू. मुख्याध्यापकांकडे मीच नेतो."

ते त्यांच्या खोलीत नव्हते. शिपाई म्हणाला, उद्या या. कागद घडी करून खिशात ठेवला. फाटकाबाहेर आल्यावर नातीने विचारलं, "आता मला दुसऱ्या तुकडीत टाकतील?"

"टाकतीलही."

"मग उद्या यायचं?"

"यायचं. दोघांनी."

अंगठ्याची शाई निघत नव्हती. रस्त्याच्या कडेला बसून मी तो डांबरावर घासला, कातडी चुरचुरेपर्यंत.