तुषारच्या ट्रकचा पिवळा दिवा

तुषारचा ट्रक मी तीनदा खोलला, तीनदा बांधला, तरी डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा काही विझेना! बत्तीस वर्षं नानाखेड्यात गॅरेज चालवतोय, गॅरेजांची अख्खी लाइन मला भय्यासाहेब म्हणते, आणि एवढ्याशा दिव्याने माझी अक्कल काढली.

फाल्गुनात याच ट्रकमध्ये तुषार गेला. घाटातल्या वळणावर गाडी सरळ खडकावर. झोप लागली असेल, लोक म्हणाले. त्याच्या बायकोने, शर्वरीने, ट्रक विकला नाही. तिचा भाऊ विहंग चालवणार होता. मी नवं केबिन बसवलं, इंजिन उतरवून पुन्हा भरलं, सेंसर बदलले. ट्रायलला काढला की माधव नगरपर्यंत एकदम बढिया. मग इंजिन तापायचं, दिवा लागायचा, आणि क्षणभर इंजिनचा श्वासच अडकायचा.

मला त्या केबिनमध्ये एकट्याला बसवेना. नवा आरसा मीच लावला, तर तोही तुषारच्या उंचीला! तो सहा फुटी, मी बुटका. आरशात बघावं तर रस्ता नाही, नुसतं आभाळ. कुणी लावला असा? माझ्याच हातांनी.

शर्वरी रोज दुपारी यायची, क्लीनरच्या सीटवर बसून दिव्याकडे बघत राहायची.

"तो रागावलाय माझ्यावर," एकदा म्हणाली. "नदीवर राम घाटावर पिंडदान केलं, तरी जात नाहीये. त्या सकाळी म्हणाला होता, दिवा लागलाय, भय्यासाहेबांना दाखवून निघतो. मी ओरडले, रोजची नाटकं तुझी, उशीर होतोय, सरळ जा! आणि गेला सरळ. मीच मारलं ना त्याला?"

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. पुढे बोलायला हवं होतं. नाही बोललो. भित्रा लेकाचा!

चौथ्यांदा बॉनेट उघडलं. बिघाड दाखवणारा स्कॅनर दर वेळी क्रँक सेंसरचं, इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेंसरचं, नाव घेत होता. नव्या सेंसरवरही तोच कोड, म्हणजे उरली फक्त तार. वरून हात फिरवत खाली आलो, आणि इंजिनच्या मागे बोटांना नाडा लागला. लाल-पिवळा, पूजेचा.

मीच बांधलेला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, तेव्हा मी ओळखीच्या गाड्यांनाही नाडा बांधतो. तारांच्या जुडग्याला, घट्ट. तिथून तो सुटत नाही. तीनदा गाडी खोलली, पण पूजेचा धागा कोण कापणार? दर वेळी नमस्कार केला आणि पुढच्या कामाला लागलो.

या वेळी कापला. तेल-पाणी पिऊन तो आवळला होता आणि तारा पत्र्याच्या कडेला ओढून बसला होता. एका तारेचं तांबं उघडं पडलेलं. इंजिन तापून थरथरलं की ते पत्र्याला टेकायचं, आणि इंजिन बंद. चालत्या गाडीत, वळणावर, स्टिअरिंग हलेनासं.

तुषारला झोप लागलीच नव्हती.

तार जोडली. विहंगला घेऊन देवास रोडवर चाळीस किलोमीटर पळवून आणला. दिवा नाही.

शर्वरी आली, केबिनमध्ये चढली. तिने काळ्या डॅशबोर्डवर हात फिरवला.

"गेला?" तिने विचारलं. "माफ केलं त्याने मला?"

हो म्हणून मोकळा झालो असतो. तिने मला पेढे दिले असते. पण नाडा खिशात होता. मी तो तिच्या तळहातावर ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं.

"आणि त्याने तुझं ऐकलं नव्हतं, बेटा. तो माझ्याकडे आला होता. त्या सकाळी सात वाजता, मी शटर उघडत होतो. मी स्कॅनर लावला, कोड पुसला, दिवा विझला. म्हटलं, सेंसर आहे रे, काही होत नाही, निघ बिनधास्त."

तिने नाडा मुठीत आवळला.

"रागात होता?"

"नाही गं. चहा प्यायला. म्हणाला, शर्वरीला सांगू नका हं इथे थांबलो होतो, नाहीतर माझी खरडपट्टी काढेल. हसत गेला."

तेव्हा ती रडली, लहान मुलीसारखी, मोठ्याने. मी खाली उभा राहून ऐकत होतो.

मग डोळे पुसून ती उतरली आणि नाडा परत माझ्या हातात दिला.

"हा आता तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली.