नेरिसला मेस कशाला?

शनिवारी दुपारी एम्रिसच्या घरात टीव्हीवर रग्बीचा सामना लागलेला असायचा आणि मागे स्वयंपाकघरात त्याची मुलगी नेरिस बटाटे सोलत असायची. मे महिन्यातल्या त्या शनिवारीही तसंच होतं, पण आज नेरिसचं लक्ष बटाट्यांत नव्हतं. तिला शहरातल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि राहायची खोली सोमवारपर्यंत ठरवायची होती. वसतिगृहं दोन तऱ्हेची. एकात मेस, दोन्ही वेळचं आयतं ताट. दुसऱ्यात सामाईक स्वयंपाकघर, ज्याचं त्यानं रांधून खायचं. नेरिसला मेसचं हवं होतं. इतकं हवं होतं, की मागायचीच भीती वाटत होती.

आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दफन आटोपून माणसं प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत चहा-सँडविचला जमली होती. मायरआत्यानं चहाची मोठी किटली नेरिसच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा बाळा, सगळ्यांना विचार. आता घरची बाई तूच." जमलेल्या बायकांनी कौतुकानं तिच्या गालावरून हात फिरवला. वेल्सच्या त्या खोऱ्यात हे असंच चालत आलं आहे. आई गेली, की मुलीनं चुलीशी उभं राहायचं. पोरगी शाळेत जाते, तिलाही आई हवी आहे, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. त्या दिवशी हातात आलेली किटली मग खाली ठेवायला मिळालीच नाही.

विद्यापीठ बघायला ती गेली, तेव्हा पाहुण्यांना मेसमध्ये जेवण होतं. नेरिस ताट घेऊन रांगेत उभी राहिली. काउंटरपलीकडच्या जाड्या बाईनं कुस्करलेले बटाटे वाढले, दोन सॉसेज ठेवले आणि विचारलं, "ग्रेव्ही आणखी घालू का गं, राणी?" प्रश्न एवढाच. पण आई गेल्यापासून तिला जेवताना कुणी काही विचारलं नव्हतं. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून जेवली, कारण डोळे थांबेनात. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. एक वर्ष, फक्त एक वर्ष, आपल्याला कुणीतरी वाढावं.

सामन्याच्या मध्यंतरात तिनं धीर केला.

"बाबा, मी मेसचं वसतिगृह घेऊ का?"

"मेस? तुला?" एम्रिसला खरंच कळेना. तो खाणीवर ट्रक चालवायचा. माणूस सरळ. दारू नाही, शिवीगाळ नाही, मुलीवर जीव.

सोफ्यावर आडवा पडलेला ओवेन हसला. तो तिच्याहून वर्षानं लहान. "ताई, तू मेसला गेलीस तर तिथला आचारीच तुझी शिकवणी लावेल."

"पैसे जास्त पडतात म्हणून का बाबा?"

"पैशाचं बघू गं कसंतरी. पण ज्याला येत नाही त्यानं मेस धरावी. तुझ्या हाताला आईची चव आहे. तुला कशाला मेस?"

सामना बघायला आलेली मायरआत्या चहा ओतून घेत म्हणाली, "आणि हाताशी शेगडी असली म्हणजे शुक्रवारी येताना चार डबे रस्सा आणता येईल. फ्रीजरमध्ये टाकला, की या दोघांचा आठवडा निघतो. नाहीतर काय खातील बिचारे?"

नेरिस पुन्हा बटाट्यांकडे वळली. वाढणाऱ्या त्या बाईची गोष्ट सांगायची कशी? 'तुम्ही मला कधी विचारत नाही' असं तोंडावर म्हणायचं कसं? सोमवारी तिनं स्वयंपाकघराची खोली घेतली.

तिथे पाचजण होते आणि चौघांना अंडं उकडता येत नव्हतं. कॅलम नावाच्या पोरानं पहिल्याच आठवड्यात पातेलं जाळलं आणि आगीची घंटा वाजवून सगळी इमारत रस्त्यावर आणली. नेरिसनं दया येऊन त्या रात्री सगळ्यांसाठी मटण-बटाट्याचा रस्सा केला. झालं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दारावर टकटक. "नेरिस, आज काय आहे?" मग तिचं नावच पडलं, आई. "आई, भूक लागली," असं सहा फुटी कॅलम लाडात येऊन म्हणायचा आणि बाकीचे खिदळायचे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्याबद्दल वाईट कधी कुणाच्याच मनात नव्हतं, हेच तर त्या पोरीचं दुर्दैव.

शुक्रवारी गाडी पकडून घर. शनिवारी धुणं, रांधणं, डबे भरणं. रविवारी संध्याकाळी परत. वर्गातली मुलं शनिवार-रविवारी समुद्रकाठच्या कड्यांवर खडक वाचायला जायची. ऑक्टोबरची सहल नेरिसची बुडाली. प्राध्यापिकाबाईंनी बजावलं, "फेब्रुवारीची बुडवू नकोस, नेरिस. तिच्याशिवाय वर्ष पुढे जात नाही."

सहलीच्या आदल्या दिवशी पाठपिशवी भरून तयार होती. एम्रिसचा फोन आला.

"जरा ताप आहे गं. पण तू येऊ नकोस. तुझं ते खडकांचं आहे ना? आम्ही भागवू." तो खोकला. "ओवेन आणतो रोज दुकानातून बटाट्याच्या तळलेल्या फोडी. चालतंय."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"अगं, काही नाही, साधा ताप. आईच्या हातचं सूप असतं तर... जाऊ दे. तू येऊ नकोस."

'येऊ नकोस' कुठल्या आवाजात म्हटलं म्हणजे यायचं असतं, हे मुलींना बरोबर कळतं. नेरिस कड्यांवर गेली नाही. गावी गेली, सूप केलं, पांघरुणं बदलली. एम्रिस रविवारी उठून बसला आणि शेजाऱ्यांना सांगू लागला, "पोरगी आहे म्हणून वाचलो."

सहल बुडाली आणि वर्ष वाया गेलं. पुन्हा पहिल्यापासून करता येईल, असं प्राध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, फक्त एप्रिलअखेर होकार कळवायचा होता. पण ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली, तोच मायरआत्या जिन्यावरून पडली. आता तिच्याही घरी डबा पोचवायला हवा होता. "या उन्हाळ्यापुरती थांब," सगळे म्हणाले. नेरिस इतकी थकली होती, की कुणाशी वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. एप्रिल उलटला. तिनं कळवलं नाही. भूगर्भशास्त्राची पुस्तकं तिनं आपल्याच हातांनी माळ्यावर टाकली.

मे महिन्यात एका रविवारी सगळे जेवायला बसले होते. भाजलेलं मटण टेबलावर होतं आणि नेरिस भाज्या निथळवत होती. ओवेनला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. खोली ठरवायची होती.

"मेसचंच घे," एम्रिस म्हणाला.

"हो बाई," काठी टेकून बसलेली मायरआत्या म्हणाली. "पोराला चहासुद्धा धड येत नाही. उपाशी मरेल."

"थोडं महाग आहे बाबा."

"असू दे. पोटाचे हाल करून शिक्षण होतं का कुठे?"

इतक्या पटकन ठरलं. एका घासात. नेरिसनं भाज्यांचं भांडं खाली ठेवलं.

"बाबा, मागच्या वर्षी मी हेच मागितलं होतं."

"तुझं वेगळं गं. तुला येतं ना सगळं."

"मला कुणी शिकवलं?"

नेरिसचा आवाज चढला नव्हता.

"आई गेली त्या आठवड्यात मी पाकिटामागचं वाचून भात केला आणि हात भाजून घेतला. शाळेत सांगितलं, दारात सापडला. मला येत नव्हतं बाबा. मला येत नाही म्हणून तुम्ही कुणी मेस शोधली नाहीत."

"ताई, बस ना, जेवून घे," ओवेन खालमानेनं म्हणाला.

"बसते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "वाढा."

एम्रिस उठला. तिच्यापुढे ताट नव्हतं. त्यानं एक कपाट उघडलं, त्यात पिठं-साखरेचे डबे होते. दुसऱ्यात धुण्याचा साबण. सहा वर्षं तो त्या घरात रोज दोनदा जेवला होता आणि ताटं कुठे असतात हे त्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या कपाटाशी त्याचा हात थांबला. पाठमोराच तो म्हणाला, "नेरिस, आता कळवलं तर चालेल का गं त्यांना?"

"नाही बाबा. मुदत संपली."

या घरात गुन्हेगार शोधायला जाल तर एकही सापडायचा नाही. सगळी तिच्यावर माया करणारी माणसं. त्या मायेनंच तिला शेगडीशी बांधून ठेवलं. आपल्या घरातही अशी एखादी पोर असेल, सगळं येणारी, कधी काही न मागणारी. तिचं मागणं आज विचारून घ्या.

एम्रिसला ताट सापडलं, पण वाढेपर्यंत मटण गार झालं होतं. नेरिसनं ते तसंच खाल्लं.