आवारातला डंपर

रुग्णालयाच्या रेकॉर्ड खोलीत कमरजहांचं काम एकच. डॉक्टरांनी लिहिलेली दुखापत वाचायची आणि तिचा कोड भरायचा. गाडीची धडक असेल तर ती रस्त्यावर बसली की खासगी आवारात, याचेही कोड वेगळे. जागा लिहिलेलीच नसेल, तर रस्ता धरायचा असा नियम.

या नियमाने तिचं घर बुडवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचे अब्बा, फरशी बसवणारे मकबूल, वारज्याच्या एका बांधकामावर मागे येणाऱ्या डंपरखाली सापडून वारले. बिल्डर संपतशेठने याच रुग्णालयातल्या कुणाला तरी हाताशी धरलं आणि केसपेपरवर ‘अज्ञात वाहनाची धडक’ एवढंच उरलं. जागा गायब, म्हणून कोड रस्त्याचा. पोलिसांनी ते वाहन रस्त्यावर शोधलं आणि फाइल बंद केली. कमरजहांने ही नोकरी धरली ती त्या कागदासाठीच, पण खाडाखोडीचा पुरावा काही हाती लागेना. दातओठ खात ती थांबली होती.

आणि एका सोमवारी सकाळी संपतशेठच दारात उभा राहिला. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, मकबूलला मुलगी आहे का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“ताई, माझ्या पेपरवर बंगल्याच्या आवारात धडक बसली असं लिवलंय. ती जागा तेवढी काढा. पुतण्या पिऊन गाडी मागं घेत व्हता, त्याचं नाव यायला नको.”

“तसं करता येत नाही.”

“न्हाई कसं? त्या फरशीवाल्या मकबूलच्या येळेला इथंच केलं व्हतं की! डंपर आमच्या साइटवरचा, पण जागा काढून दिली तुमच्या लोकांनी.”

कमरजहांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने साखरेत घोळवला.

“मग अर्ज द्या. मागच्या केसचा दाखला लिहा, नाव-तारखेसकट. त्याशिवाय आमचे साहेब सही करत नाहीत.”

अर्ज मागितला की पुण्यात कुणाला संशय येत नाही. संपतशेठने अर्धं पान मोठ्या ऐटीत लिहिलं, डंपरच्या नंबरासकट, आणि खाली झोकदार सही ठोकली. तिने आवकचा शिक्का मारला, मोबाइलवर फोटो काढला आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली.

“होईल ना काम?”

“नक्की. आजच पोलिसांकडे पोचवते.”

“पोलिसांकडं? तुमी कोण?”

“फरशीवाल्या मकबूलची मुलगी.”

तो ड्रॉवरकडे झेपावला. “तो कागद द्या इकडं!”

“आवक झालेला कागद परत मिळत नाही.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर आनंद झाला. धडपडीत खाली पडलेली त्याची कुबडी उचलून तिने त्याच्या हातात दिली.

“सांभाळून जा, शेठ. आमच्याही आवारात गाड्या मागे घेतात.”