वाटाण्यांची पिशवी आणि कोल्हीण

"धान्य खायचं असतं, हेसुद्धा आता मीच शिकवायचं का?" फौजदारबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. डब्यातले झाडून सगळे वाटाणे सुनेने उशीच्या अभ्र्यात कोंबून शिवून टाकले होते. ते गाठोडं मागच्या खिडकीत, आणि त्यावर कॅमेऱ्याची तोफेसारखी नळी टेकवलेली. वर तिन्हीसांजेला दिवे बंद! अख्ख्या घराने चाचपडत फिरायचं, कारण मागच्या लाकडांच्या वखारीत एक कोल्हीण व्याली होती आणि सूनबाईंना तिचा फोटो हवा होता.

फौजदारबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण त्यांच्यासमोर थाप मारायची दूधवाल्याचीही छाती नव्हती.

सुनेला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. संग्रहालयाच्या भिंतीवर माणसाएवढा फोटो लागणार होता आणि तो उद्या द्यायचा होता. आजवर काढलेले सगळे फोटो तिने स्वतःच नापास केले होते. अपुऱ्या उजेडामुळे त्यांत बारीक दाणे उठत, कुणी वाळू भुरभुरावी तसे.

बाईंनी काही ऐकलं नाही. दुपारी त्यांनी गाठोडं उसवलं आणि वाटाणे भिजत घातले.

संध्याकाळी सून खिडकीशी आली. रिकामा अभ्रा पाहिला, पातेल्यात टम्म फुगलेले वाटाणे पाहिले, आणि एक शब्द न बोलता नळी हातात धरून बसली. भांडली असती तर बाई जिंकल्याच असत्या. हे गप्प बसणं मात्र त्यांना झोंबलं.

"का गं, हाताने धरून नाही भागत?"

"नाही आई. उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात केसभर हललं तरी गेलं."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही शेजारणीला झापत होतात."

बाई फणकाऱ्याने उठल्या. तांदळाचा डबा अभ्र्यात उपडा केला, गाठ मारली आणि गाठोडं स्वतःच्या हाताने नळीखाली सरकवलं. "चालेल का तुझ्या महाराणीला?"

"धावेल," सून हसली.

कोल्हीण बाहेर आली. पिल्लं तिच्या शेपटीला लोंबकळली, ती वळली, बसली, उठली. सुनेचं बोट जागचं हललं नाही.

"अगं, काढ की!" बाई कुजबुजल्या.

"हलतेय अजून."

बाईंच्या पायाला मुंग्या आल्या. तेवढ्यात कोल्हिणीला कसलीशी चाहूल लागली. कान टवकारून ती दगडासारखी थिजली, आणि कॅमेरा खटाखट चालू झाला. एकामागून एक, कितीतरी फोटो. मग वखारीत पुन्हा कोणी नव्हतं.

मुलगा कामावरून आला तेव्हा सून कॉम्प्युटरपुढे होती. "एका बटणाचं काम आहे," म्हणत त्याने ते दाबलं. दाणे गेले. त्यांच्यासोबत मिशा गेल्या, फाटका कानही भरून आला.

"ही कोल्हीण की दुकानातली बाहुली?" बाई म्हणाल्या. "तू हात धू जा."

सुनेने सगळे फोटो एकमेकांवर चपखल बसवले. "दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, आई. कोल्हीण मात्र तिथंच असते. सगळ्यांची सरासरी काढली की दर वेळी होतं ते राहतं, मध्येच उपटलेलं विरून जातं."

आणि खरंच विरलं. वाळू बसत गेली, अंधार नुसता अंधार उरला, आणि त्यातून एकेक केस वर आला. फाटका कान, मिशीवरचा थेंब, डोळ्यात आभाळाचा शेवटचा उजेड. बाई इतक्या वाकल्या की काचेवर वाफ धरली. दुसऱ्या कुणीही दहादा बटण दाबलं असतं. ही बसून राहिली. आणि बाईंच्या तोंडात तर आजवर एक शब्द घटकाभर थांबला नव्हता.

त्यांनी पदराने काच पुसली.

"ऐक गं. तुझ्या आमटीला चव नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण असा दम धरून वाट बघणं तुझ्यासारखं आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही, मला धरून. उद्या तो फोटो ताठ मानेने दे. आणि वाटाणे नवे आण. त्या डब्याला यापुढे मी हात लावणार नाही."