पहिलं कापड

"सिद्धम्मा, लंगोट कापत्यात कसा?"

हिंदुराव दारात उभे होते. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कोरा करकरीत टॉवेल. टॉवेलावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. मी चुलीपुढे बसून विकायच्या कडक भाकऱ्या करत होते. या कामात नजर हलली की भाकरी करपते, आणि हे गृहस्थ नेमके तेव्हाच उगवणार.

"अवो, पोर अजून पोटात हाय! आदी नवं कापड कापत नसत्यात, अपशकुन असतोय."

"सिस्टर म्हनल्या, नववा लागलाय, दवाखान्याची पिशवी भरून ठेवा."

"मग सिस्टरलाच इचारा लंगोट कसा कापत्यात ते!"

पण ते हलायला तयार नाहीत. हा माणूस पहिल्यापासून असाच. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभा जन्म लोखंड ठोकण्यात गेला. माझे मालक चनबसप्पा त्यांच्या शेजारीच काम करायचे. मालक गेले, हिंदुराव रिटायर झाले, पण एखादं काम हातात घेतलं की ते संपेपर्यंत जेवायचं नाही ही खोड काही गेली नाही. आता हातात काम होतं ते लेकीच्या बाळंतपणाचं.

उत्कर्षा त्यांची एकुलती एक. ती शाळेत असतानाच तिची आई शेवंता कावीळ होऊन गेली. जाण्याआधी नवऱ्याला म्हणाली, "पोरीचं पयलं बाळंतपन म्हायेरात करा. आई न्हाय म्हनून तिचं म्हायेर मोडू नका." हिंदुरावांनी मान डोलावली. आता मान डोलावणं सोपं असतं हो! बाळंतपण पुरुषाच्या हाती कधी कुणी दिलंय का?

उत्कर्षाची सासू बजाबाई वैरागची. बाई वाईट नाही, पण तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. पोरीला माहेरी सोडायला आली तेव्हाच अंगणात उभी राहून म्हणाली, "व्याहीबुवा, तुमच्या घरात बाईमानूस न्हाय. दवाखान्यात पोरीसंगं कोन ऱ्हानार, तेवढं सांगा. न्हायतर आईतवारी गाडी करून येते आन तिला घिऊन जाते."

आणि दवाखान्यातही तेच. आमच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकू देत नाहीत. धम्मप्रिया सिस्टरनी तपासणीच्या दिवशी विचारलं, "सोबत बाई कोण?" हिंदुरावांनी माझं नाव सांगून टाकलं. मला न विचारता! हे मला त्या दिवशी कळलं, लंगोटाच्या निमित्तानं.

तव्यातली भाकरी तव्यातच राहिली.

"माजं नाव? माजं का म्हून दिलं?"

"दुसरं तोंडातच आलं न्हाय."

"हिंदुराव, गल्लीत इतक्या लेकुरवाळ्या बाया हायत. मला ना लेकरू, ना नवरा. माज्यासारखीला कुनी ओटी भरायला बोलवत न्हाय, आन तुमी थेट बाळंतपनाला न्हेताय? उद्या काय कमी-जास्त झालं तर लोक कुनाचं नाव घेतील? माजंच की! वांझेचा पाय लागला म्हनतील. मी न्हाय येनार. आईतवारी धाडा पोरीला वैरागला."

"शेवंतानं कवा मानलं का हे?" ते एवढंच म्हणाले आणि टॉवेल घेऊन गेले.

नव्हतंच मानलं तिनं. उत्कर्षाच्या बारशाला सगळ्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि मी दाराशी, चपलांजवळ. शेवंता उठली, पाळण्यातलं पोर उचललं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर त्या घरात मला कुणी दाराशी बसवलं नाही. ती गेली तेव्हा मी रडले तेवढी मालक गेल्यावरही रडले नव्हते. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी उत्कर्षा आली. पोट सांभाळत उंबऱ्यावर टेकली आणि टोपलीतली भाकरी न विचारताच मोडून खायला लागली. लहानपणापासूनची सवय.

"सिद्धाक्का, तू न्हाय आलीस तर मी जाईन वैरागला. सासूबाई चांगलं करतील माजं."

"मग जा की."

"पर मला तितं वरडायला लाज वाटंल. तुज्याम्होरं वरडायला काय वाटनार न्हाय." तिनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. "बाबा रोज डिंकाचं लाडू करून बघत्यात. एक बी वळंना. तरी रोज करत्यात. आईतवारी मी गेले तर ते काय करतील गं?"

अय्यो, ही पोर अशी! रडली असती तर मी हाकलून दिली असती. मी उठले, तडक हिंदुरावांच्या घरी गेले. ते पितळी परातीत लाडवाच्या चुऱ्याकडे बघत बसले होते.

"येते मी," मी म्हणाले. "पर तो टॉवेल बाजूला काढा. नवं कापड खळीचं असतंय, बाळाच्या अंगाला टोचतंय. बाळाला पयलं कापड लागतंय जुनं, मऊ, लेकुरवाळीच्या अंगावरचं. शेवंताची सुती पातळं काढा, उकळत्या पान्यातनं काढून उनात वाळवा आन मग फाडा."

हिंदुराव कोपऱ्यातल्या शेवंताच्या पेटीकडे बघत राहिले. शेवंता गेल्यापासून ती पेटी त्यांनी उघडली नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण पोर जन्माला यायचं असेल तर पेटी उघडावीच लागते.

"काडतो," ते म्हणाले.

त्याच वेळी त्यांनी वैरागला फोन लावला. बजाबाईंचा आवाज फोनबाहेर खणखणत होता.

"कोन? ती भाकरीवाली? तिला मूलबाळ न्हाय की!"

"व्हय, न्हाय," हिंदुराव म्हणाले. "आन तीच ऱ्हानार हाय पोरीसंगं. तुमी आईतवारी या, पर पावनी म्हनून या."

मी शेजारीच उभी होते. मला कुठं बघावं ते कळेना. शेवटी लाडवाचा चुरा पुढे ओढला, तूप कडकडीत गरम करून ओतलं आणि लाडू वळायला लागले. वळले गेले झक्क! तूप गार घालत होते हो ते.

पुढच्या दिवसांत त्या घराला कारखान्याची कळा आली. दाराजवळच्या खिळ्याला पिशवी लटकली. रिक्षावाल्या संगमेशला ताकीद गेली की लांबचं भाडं घ्यायचं नाही. शेवंताचं हिरवं सुती पातळ दोरीवर वाळताना दिसलं तेव्हा येणारी-जाणारी माणसं क्षणभर थांबायची. धम्मप्रिया सिस्टरनी मला बोलावून समजावलं, "मावशी, नखं काढून या. धुतलेलं लुगडं नेसा आणि एक धुतलेलं सोबत आणा, कपडे खराब होतात." मी माझं जुनं सुती लुगडं उकळून, उन्हात वाळवून घडी घालून ठेवलं. हिंदुरावांना मी रोज विचारायची, "पातळ फाडलं का?" ते म्हणायचे, "झालंच हाय."

रविवार उजाडला. बजाबाईंची गाडी यायच्या आतच उत्कर्षाच्या कळा आल्या. संगमेशची रिक्षा दारात, पिशवी माझ्या हातात, हिंदुराव रिक्षाच्या पुढच्या फळीवर अर्धे लटकलेले. दवाखान्याच्या त्या खोलीच्या दारात सिस्टरनी त्यांना हातानं थांबवलं. मी आत जायला निघाले आणि उंबऱ्यापाशीच थांबले. आयुष्यभर ज्या खोलीला मी वळसा घालून गेले ती ही. मागं वळून बघितलं. हिंदुरावांनी हात जोडले होते. माझ्यापुढे! मला राग आला आणि मी आत गेले.

उत्कर्षा ओरडली. सांगितल्याप्रमाणे ओरडली, पोटभर. माझं मनगट तिनं असं धरलं की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. "वरड गं माजे आई, वरड," मी म्हणत होते. मला दुसरं काही येतच नव्हतं. पाणी पाज म्हटलं की पाजत होते, पाठ चोळ म्हटलं की चोळत होते. दुपार अशीच गेली.

"मावशी, डोकं दिसतंय. कापड काढा पटकन!"

मी पिशवी उघडली. आत शेवंताचं हिरवं पातळ होतं. अख्खं. ती घालायची तशीच चौकोनी घडी. काठाशी कात्री लावलेली दिसत होती, बोटभर. पुढे हात गेलाच नव्हता त्यांचा. खाली तोच टॉवेल, चिठ्ठीसकट.

काय माणूस म्हणावा हा! मी पातळाला हात घातला. कात्रीची खूण होतीच, नुसतं ओढायचा अवकाश. आणि माझाही हात पुढे जाईना.

उत्कर्षानं मान वळवून बघितलं. तिला कळलं.

"आईचं राहू दे, आक्का. तुजं फाड."

"येडी झालीस का? माजं कसं? पयलं कापड लेकुरवाळीचं लागतंय. माजं नगं, तुज्या बाळाला..."

"आई न्हाय आली हितं," ती दात आवळून म्हणाली. "तू आलीयस. तुजं फाड!"

"अहो कुणाचंही फाडा," सिस्टर ओरडल्या, "पण आधी फाडा!"

मी सोबत आणलेलं माझं धुतलेलं लुगडं काढलं, पदराकडून दातांत धरलं आणि टर्रकन फाडलं. आणि तेवढ्यात पोर बाहेर आलं, रडत, हातपाय झाडत. सिस्टरनी पुसून ते आईच्या छातीवर ठेवलं, वरून माझा पदर घातला. मुलगी. मग नाळ कापली, तिला त्याच पदरात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिली. "आजोबांना दाखवून आणा."  मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बाहेर हिंदुराव होते आणि शेजारी वैरागहून येऊन पोचलेल्या बजाबाई. बजाबाईंनी हात पुढे केले, पोर घेतलं, तोंड बघितलं. मग त्यांची बोटं कापडावर थांबली.

"हे कुनाचं हाय?"

हिंदुरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते हिरवं नाही हे दिसतच होतं.

"माजं," मी म्हणाले. काय व्हायचं ते होऊ दे.

 मला वाटलं, बजाबाई आता कापड काढायला सांगणार. त्यांनी पोराच्या पायाशी सुटलेलं टोक उचललं आणि नीट आत खोचलं.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या.

मी पिशवीतलं हिरवं पातळ हिंदुरावांच्या हातात दिलं. ते घडीवरून अंगठा फिरवत राहिले, काठाशी येऊन थांबले.

"मी फाडनार व्हतो, सिद्धम्मा."

"ठावं हाय. बोटभर कापलं व्हतं की तुमी."

ते हसले आणि लगेच तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. मी त्यांना तसंच राहू दिलं.

रात्री सोबतीला मीच राहायचं ठरलं. त्याआधी घरी जाऊन उत्कर्षासाठी गरम भाकरी आणायची होती. अंगावरचं लुगडं पार खराब झालेलं, बदलायला दुसरं तेच, फाटलेलं. नेसले आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी नळावर बायका होत्या. सवयीनं माझा हात डोक्यावर पदर घ्यायला गेला, तर पदर खांद्यापर्यंतच पुरत होता.

"काय झालं गं सिद्धम्मा?" कुणीतरी विचारलं.

"मुलगी," मी म्हणाले, आणि तशीच उघड्या डोक्यानं घरी जाऊन चूल पेटवली.