शेवटाचा रकाना

दादू शिवलकरांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत साधारण चारशे सिनेमे पाहिले आणि त्यांतला एक सोडला तर एकाचाही शेवट पाहिला नाही. यात त्यांचा दोष नव्हता. ते मालवाहू बोटीच्या इंजिनात यंत्रांना तेल घालणारे ऑइलर होते आणि त्यांची पाळी आठ ते बाराची. खलाशांच्या मेसमध्ये जेवणं आटोपली की साडेसहाला सिनेमा लागायचा आणि आधीच्या माणसाला सोडवायला पावणेआठला खाली इंजिनात हजर राहावं लागायचं. म्हणजे नायकावर संकट येऊन ते जरा मुरलं की दादू उठायचे. कॅसेट दुसऱ्या दिवशी साहेबलोकांच्या मेसमध्ये जायची आणि बंदर आलं की दुसऱ्या बोटीच्या कॅसेटींशी तिची अदलाबदल व्हायची. बरोबरच्यांना शेवट विचारावा तर बाळा नार्वेकर म्हणायचा, "हिरो मेला." त्याच सिनेमाबद्दल लवू म्हणायचा, "मेला कुठला, लगीन झाला त्याचा." दोघंही झोपलेले असणार.

निवृत्त होऊन दादू मिऱ्या गावातल्या आपल्या घरी आले त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. त्यांची मुलगी समीक्षा दापोलीला कृषी विद्यापीठात नोकरी करते आणि संध्याकाळी तिथल्या पोरांना जमवून चांगले सिनेमे दाखवते. यंदा शिमग्याला ती घरी आली ती एक पेनड्राइव्ह घेऊनच. त्यात जगातले शंभर नावाजलेले सिनेमे होते, क्रमांक घालून.

"बाबा, गणपतीपर्यंत शंभर पुरे करून दाखवा," ती म्हणाली. "अटी दोन. सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. आणि आईला बरोबर घेऊन बघायचा. दर रविवारी मी फोन करून आईला शेवट विचारणार."

पहिली अट ऐकून दादू खूश झाले. दुसरी ऐकल्यावर त्यांनी पंखा वाढवायला सांगितला.

कारण असं, की लग्नानंतरच्या पहिल्याच सफरीत दादूंनी घरी पत्र लिहिलं होतं. बोटीवरच्या माणसाकडे लिहायला असतं काय? समुद्र आहे, इंजिन आहे, मी बरा आहे. तेवढ्यात पान भरेना म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच्या सिनेमाची गोष्ट लिहिली. विहिरी खणणारा एक माणूस बायकोला सोडून दूरदेशी विहिरी खणायला जातो, अशी ती गोष्ट. पावणेआठपर्यंतची. दीड महिन्याने आनंदीबाईंचं उत्तर आलं. त्यात घरची चार वाक्यं होती आणि खाली लिहिलं होतं, ‘विहीरवाल्याचं पुढे काय झालं ते कळवावं. सासूबाईही विचारतात.’

आता याला काय उत्तर द्यायचं? दादूंनी लिहिलं, की विहीरवाल्याला पाणी लागलं, तो घरी आला आणि त्याने आपल्याच परसात विहीर खणली.

पुढे ती रीतच पडली. दर पत्रात एक गोष्ट, आणि तिचा शेवट दादूंच्या हातचा. दादूंची कल्पनाशक्ती तशी बेताची होती, त्यामुळे झाडून सगळी माणसं घरी आली. गुप्तहेर घरी आला. दरोडेखोर घरी येऊन बागायतीला लागला. एका राजाचं राज्य गेलं, तोही हातात पिशवी घेऊन दुपारच्या जेवणाला घरी पोचला. आनंदीबाई ही पत्रं आधी सासूला आणि मग दुपारी अंगणात मासळी सुकवत बसलेल्या बायकांना वाचून दाखवायच्या. निम्म्या मिऱ्याने ते राजाचं ऐकलेलं आहे. पत्रं सगळी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवलेली होती.

आता या शंभरांत त्यांतले काही सिनेमे निघणार हे उघड होतं. दादू धास्तावले ते सिनेमांमुळे नव्हे. त्याच पत्रांत त्यांनी असंही लिहिलं होतं, की मी दारूला शिवत नाही, आणि बंदराला उतरलो तरी तुझी आठवण येते. ते खरं होतं. पण बत्तीस वर्षांच्या पत्रांतली एक गोष्ट खोटी निघाली, तर उरलेल्याची हमी कोण देणार? म्हातारपणी बायकोने आपल्याकडे बघून ‘हे तरी खरं का’ असा विचार करावा, याची दादूंना मनापासून भीती वाटली.

नशिबाने सिनेमे परदेशी होते आणि खाली अक्षरं इंग्रजीत. आनंदीबाईंना ती वाचता येत नव्हती. दादू बोटीवरच्या इंग्रजीवर वाचून सांगणार, असं ठरलं. सूत्रं दादूंच्याच हातात राहिली.

आठवड्यातून चार-पाच दिवस दुपारी तीनला सिनेमा लागायचा. दादूंनी इंजिनातल्यासारखी एक वही घातली. क्रमांक, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, आणि शेवटचा रकाना ‘शेवट’. आनंदीबाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. पहिल्या आठवड्यात पावणेआठचा हिशेब अंगात इतका भिनलेला, की सव्वा तास झाला की दादू आपोआप उठून दारापर्यंत जायचे आणि मग परत येऊन बसायचे.

चौदाव्या सिनेमात एक माणूस बर्फात आडवा पडला आणि चार माणसं त्याच्याभोवती टोप्या काढून उभी राहिली.

"काय झाला त्याला?" आनंदीबाईंनी विचारलं.

"दमलाय."

"मग टोप्या कित्याक काढल्यानी?"

"उकडायला लागलं असेल."

आनंदीबाईंनी बर्फाकडे बघितलं आणि एक खडा वेचून बाजूला टाकला. वहीत लिहिलं गेलं: विश्रांती घेऊन घरी गेला.

एकतिसाव्यात एक माणूस दार ओढून घेऊन चालायला लागला आणि एवढासा ठिपका होईपर्यंत चालतच राहिला.

"घरी चाललाय," दादू म्हणाले.

"घर तर मागे राहिला."

"ते भाड्याचं होतं."

त्या रविवारी समीक्षाचा फोन आला. आईने शेवट सांगितला. तिने लगेच फोन बाबांना द्यायला सांगितला.

"बाबा, तो कायमचा निघून जातो."

"माझ्याकडची प्रत वेगळी असेल."

"प्रत मीच दिलीय."

"मग तुझ्याकडची वेगळी असेल," दादू म्हणाले आणि त्यांनी दापोलीला उकाडा कसा काय आहे ते विचारलं.

असे करत नव्व्याण्णव झाले. मधल्या काळात चौदा माणसं दमली, सहा जणांना चक्कर आली, एक संबंध बोट बुडाली ती दुरुस्तीला खाली नेली होती. आनंदीबाईंनी कशालाच हरकत घेतली नाही. त्यामुळे दादूंना आधी सुटल्यासारखं वाटे आणि मग वाईट वाटे. भोळ्या बाईला फसवायला काही कर्तबगारी लागत नाही, हे त्यांना कळत होतं.

नव्व्याण्णवनंतर दादूंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख आधीच ठरलेली होती. डोळ्यावर पट्टी आली. उजवा डोळा मागेच अधू झालेला, त्यातून उजेड तेवढा कळायचा. डॉक्टरांनी आठ दिवस टीव्ही बंद सांगितला, आणि गणपतीला राहिले होते पाच.

"राहू दे तो एक," दादू म्हणाले.

"नव्व्याण्णव करून थांबतात काय कोणी? तुम्ही ऐका. मी बघतंय."

"तुला वाचता कुठे येतं?"

"चित्रं कळतात मला."

दुपारी तीनला त्यांनी शंभरावा लावला. दादू आरामखुर्चीत मान मागे टाकून बसले. सुरुवातीला काही ऐकू येईना. मग खण्ण, खण्ण असा आवाज यायला लागला.

"कोण आहे?"

"एक माणूस. हातात पहार हाय. जमीन खणतोय." आनंदीबाई पुढे झुकल्या. "अहो, ह्याला मी ओळखतंय."

दादूंनीही ओळखलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी मेसमधल्या बाकावर बसून ऐकलेली ती पहार होती.

दोघंही ऐकत-बघत राहिली. विहीरवाला बोटीत बसला. परक्या मुलखात उतरला. सव्वा तासाने त्याच्या बायकोने दारातून त्याला मारलेली हाक त्याला स्वप्नात ऐकू आली. इथेच दादू उठून इंजिनात गेले होते. आज ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले. याच्या पुढचं त्यांनाही नवीन होतं.

पहारीचा आवाज खोल खोल जात राहिला. मग एक घरंगळल्याचा आवाज, आणि मग धाडकन पुष्कळ मोठा. पाठोपाठ माणसं ओरडली. मग बराच वेळ नुसती रहाटाची कुरकुर, आणि संगीत.

"काय झालं?" दादूंनी विचारलं.

"पाणी लागला."

"आणि?"

"वर आला. घरी गेला. तुम्ही लिवलं होतंत तसाच."

"अगो, दगड पडल्याचा आवाज आला मला."

"विहिरीचा कठडा बांधतायत."

"माणसं ओरडली."

"पाणी बघून."

"आणि ती बाई रडत होती."

आनंदीबाईंनी रिमोट उचलला. त्यांनी टीव्ही बंद केला. दादूंनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना कळलं, की हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. नव्व्याण्णव दुपारी हे आपणच केलं. पट्टीखालचा डोळा भरून आला. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण बाहेरचं.

"आनंदी," ते म्हणाले, "पत्रांतले शेवट माझे होते."

"मग कोणाचे असणार? पत्र तुमचा होता."

"तसं नाही. मी शेवट बघितलेच नव्हते. खोटे लिहिले."

"तिसऱ्या पत्राला कळला मला. दरोडेखोर बागायत करतोय म्हटल्यावर कळणार नाय? आणि दर वेळी बाप्या घरी येतोय. जगात इतके शहाणे बाप्ये असते तर आणखी काय हवा होता?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला त्या माणसांचा काय करायचा होता?" आनंदीबाई सुपातले तांदूळ हाताने सारखे करत म्हणाल्या. "गोष्टीतला माणूस घरी येतोय, म्हणजे लिवणाऱ्याचा घरी यायचा विचार हाय. एवढा कळला की मी पत्र घडी करून ठेवायची. सगळी बरोबर होती तुमची पत्रं. एक सोडून."

"कुठलं?"

"सिंगापूरचा."

दादूंना आठवलं. बोट सिंगापूरला गोदीत दुरुस्तीला होती, इंजिन बंद, पाळी नाही. त्या एका संध्याकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला सिनेमा पुरता पाहिला होता. एक माणूस कामासाठी मोठ्या शहरात जातो आणि तिथलाच होऊन राहतो. शेवट पाहायला मिळाल्याच्या आनंदात दादूंनी तो जसाच्या तसा, अगदी खरा, दोन पानं भरून लिहिला होता.

"तुम्ही लिवलंत, तो परत गेला नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मला दोन दिवस अन्न गेला नाय. तिसऱ्या दिवशी समीक्षाला कडेवर घेतली नि एसटीने मुंबई गाठली. तुमच्या कंपनीच्या हापिसात."

"तू मुंबईला गेली होतीस?"

"सासूबाईंना सांगितला, पोरीला दातांच्या डॉक्टरला दाखवतंय. तिला दात होते चार. हापिसातल्या माणसाला विचारला, शिवलकर परत येणार हायत ना? तो म्हणाला, बाई, करार संपला की येणार. मी म्हटलं, लिवून द्या."

"मग?"

"दिलान. शिक्का मारून. खोक्यात हाय."

त्यानंतर महिन्याभराने पुढच्या एका बंदरात कंपनीचा एक माणूस बोटीवर येऊन ‘शिवलकर, घरी पत्र लिही, आजच्या आज’ एवढं सांगून गेला होता, ते दादूंना तीस वर्षांनी उलगडलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोस्टाची गडबड झाली असेल. बायकोशी एकदाच खरं बोललो आणि तिला मुंबईपर्यंत फरफटवलं, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी चाचपडत हात पुढे केला. सूप मधे आलं. आनंदीबाईंनी ते खाली ठेवलं आणि हात धरला.

थोड्या वेळाने त्यांनी वही काढली. "शंभरावा. शेवटाच्या रकान्यात काय लिवू?"

"तू बघितलास. तू लिही."

त्यांनी लिहिलं. बराच वेळ लागला, कारण त्यांना वहीत लिहायची सवय नव्हती.

गणपतीच्या आदल्या दिवशी दापोलीच्या एसटीने समीक्षा आली. हातपाय धुऊन तिने आधी वही मागितली. दादू काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते, त्यांनी ती दिली. ती पानं उलटत स्वयंपाकघरात गेली. तिथे आनंदीबाई मोदकांसाठी नारळ फोडत होत्या.

"आई, हे शंभराव्याचं तू लिहिलंयस? ‘पाणी लागला. घरी आला. अजून घरीच हाय.’" समीक्षाने वही पुढे केली. "अगं, ती विहीर ढासळते. तो माणूस वर येतच नाही."

"आमच्याकडची प्रत वेगळी हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "खूण कर नि खवणी घे."

समीक्षाने आईकडे बघितलं, मग दारातून ओटीवर बघितलं. तिने शंभराव्यापुढे बरोबरची खूण केली आणि खवणीवर बसली.